कधीपासून?

घरातला माणूस अंगावर धावून येऊ लागला की गाव एकच प्रश्न विचारतं : का? उत्तरं तयारच असतात. दारूमुळे. कर्जामुळे. बायको उलट बोलते म्हणून. कुणी करणी केली म्हणून. बाईच धावून येत असेल तर तिला बाहेरचं लागलं म्हणून, नाहीतर मुळातच भांडखोर म्हणून. इतकी उत्तरं हाताशी असली की दुसरा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही. तो प्रश्न एका शब्दाचा आहे : कधीपासून?

हे पुस्तक मी त्या एका शब्दासाठी वाचलं असं म्हटलं तरी चालेल. विषय तसा दवाखान्याचा आहे : थायरॉइडची संप्रेरकं, मनोदशेचे आजार आणि हिंसक वागणं यांचं आपसातलं नातं. मनोदशेचे आजार म्हणजे नैराश्य, उन्माद आणि दोन्ही आलटून पालटून येणारा बायपोलर. पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं आहे ते वाचक मात्र दवाखान्याबाहेरचे आहेत. वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतल्या आशाताई, आरोग्यसेविका, पोलीस पाटील, शिक्षक आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे ते घरचे लोक. म्हणून प्रस्तावनेत मी विषयाची वाट तेवढी दाखवतो. बारकावे पुढच्या पानांत आहेत.

गळ्याच्या घाटीखाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. वजन वीसेक ग्रॅम. तिच्यातून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं रक्तात उतरतात आणि शरीराची चूल किती आचेवर जळायची ते ठरवतात. तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिकेची, म्हणजे पिट्युटरीची. पीयूषिका टीएसएच नावाचा निरोप धाडते आणि थायरॉइड कामाला लागते. लॅबच्या कागदावर टीएसएच वाढलेलं दिसलं की लोक समजतात थायरॉइड वाढला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं. शेतमालक आणि सालदाराचं उदाहरण घ्या. सालदार झपाट्यानं काम करत असेल तर मालकाला आवाज चढवावा लागत नाही. सालदार मंदावला की मालक धुऱ्यावरून ओरडू लागतो. टीएसएच हा मालकाचा आवाज आहे. तो चढला म्हणजे ग्रंथी मंदावली, तो बसला म्हणजे ग्रंथी धावत सुटली.

मेंदू या व्यवहाराच्या बाहेर नाही. रक्तातून आलेल्या टी-४ चं टी-३ मध्ये रूपांतर करण्याची सोय मेंदूत त्याची स्वतःची आहे, आणि सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांच्या कामावर या टी-३ चा हात असतो. झोप, भूक, उत्साह, धीर, चीड या सगळ्यांत हीच रसायनं वावरतात. संप्रेरक फार झालं तर छाती धडधडते, घाम फुटतो, भूक असून वजन उतरतं, हात थरथरतात, झोप उडते आणि माणूस शब्दाशब्दाला खेकसतो. बाहेरून हे उन्मादासारखं दिसतं. संप्रेरक कमी पडलं तर थंडी सोसत नाही, अंग सुजतं, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, पाळी बिघडते आणि उठून बसणंही जड जातं. हे नैराश्यासारखं दिसतं. पण कमतरता फार दिवस तशीच राहिली तर काहींच्या मनात संशय शिरतो, नसलेले आवाज ऐकू येतात आणि सुस्त वाटणारं माणूस एका रात्री विळा हातात घेतं. थायरॉइड मंदावलेला माणूस नुसता मंदच राहील, हा गैरसमज डॉक्टरांचाही होता.

तो गैरसमज दूर व्हायला बराच काळ गेला. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनं १८८८ साली शंभरावर रुग्णांचा अहवाल काढला. थायरॉइड निकामी झालेल्या या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत भ्रम किंवा भास नोंदलेले होते. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, जॉर्ज मरे या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचायला सुरुवात केली. ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. म्हणजे आजाराची ओळख आणि औषध दोन्ही हाती आलं होतं. तरीही वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण वर्षानुवर्षं पडून राहिले, कारण तिथे गळ्याकडे कुणी पाहतच नव्हतं.

ए. जे. क्रोनिन स्वतः डॉक्टर होता, वेल्समधल्या खाणगावात त्यानं काम केलं होतं. १९३७ साली आलेल्या त्याच्या ‘द सिटाडेल’ या कादंबरीत एक खाणकामगार अचानक हिंसक होतो, बायकोच्या जिवावर उठतो, आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचे कागद तयार होतात. सही करायला बोलावलेला तरुण डॉक्टर थांबतो. सुजलेला चेहरा, जड झालेली जीभ, कोरडी कातडी हे सगळं वेडाच्या हिशेबात बसत नाही, असं त्याला दिसतं. थायरॉइडच्या उपचारानं तो कामगार माणसात येतो. आपल्याकडे विजय आनंद यांनी १९७१ मध्ये केलेला ‘तेरे मेरे सपने’ याच कादंबरीवरून निघाला. कादंबरीनंतर बारा वर्षांनी, १९४९ साली, लंडनच्या रिचर्ड अॅशर यांनी असे चौदा प्रत्यक्ष रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यातले बहुतेक थायरॉइड दिल्यावर सुधारले होते.

योगायोग असा, की त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरून पाहिलं. बायपोलरच्या उपचारातलं ते आजही मोठं औषध आहे, आणि तेच थायरॉइडमधून संप्रेरक बाहेर पडायला अडथळा करतं. वर्धा जिल्ह्यात लिथियम घेणारा रुग्ण कुठल्या गावी राहतो, त्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो. सेवाग्राम किंवा सावंगीच्या इस्पितळाजवळ असेल तर दर सहा महिन्यांनी लिथियमबरोबर टीएसएचही तपासलं जाईल. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या आतल्या गावातून एसटीनं यायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची, तर तपासणी पुढे ढकलली जाते. मग माणूस सुस्तावतो, सुजतो, चिडचिडा होतो. घरचे म्हणतात, या गोळ्यांनीच वाया गेला, आणि गोळ्या बंद करतात. काही आठवड्यांत उन्माद उसळून येतो. त्या उसळीत जे घडतं त्याला गाव वेड म्हणतं आणि पोलीस गुन्हा. खरं तर लिथियम न सोडता थायरॉक्सिनची एक छोटी गोळी जोडून तो माणूस सावरू शकला असता.

आता विषयाच्या सर्वांत निसरड्या भागाकडे येतो. संप्रेरक आणि हिंसा यांचं नातं किती पक्कं आहे?

स्वीडनमध्ये १९९८ साली न्यायवैद्यक मनोरुग्णांच्या रक्ताचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समाजविघातक वागण्याशी रक्तातल्या टी-३ च्या चढ्या पातळीचा संबंध त्यात दिसला. अशा बातमीचं शीर्षक करायला वेळ लागत नाही, पण दोन गोष्टी आठवाव्या लागतात. एक, सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. दोन, मानसिक आजाराचा तीव्र झटका आलेल्या माणसाला इस्पितळात आणलं की पहिल्या काही दिवसांत त्याची थायरॉइड संप्रेरकं उगाचच चढलेली दिसू शकतात, आणि झटका ओसरला की तीही आपोआप उतरतात. म्हणजे पाऊस पडला म्हणून नाला भरला, की नाला भरला म्हणून पाऊस पडला, इथपासून तपासावं लागतं. पहिल्या दिवसाच्या एका कागदावर आयुष्यभराची गोळी सुरू करणं किंवा कुणाच्या रागाचा निकाल लावणं, दोन्ही घाईचं आहे.

दुसरा अभ्यासही स्वीडनचाच, २०१० सालचा, आणि आपल्या जिल्ह्याला जास्त लागू पडणारा. बायपोलर असलेल्या ३,७४३ लोकांची हिंसक गुन्ह्यांची नोंद सामान्य लोकांशी ताडून पाहिली. आजार्‍यांत ८.४ टक्के, इतरांत ३.५ टक्के. आकडा दुप्पटीहून जास्त दिसतो. मग ज्यांना दारूचं किंवा नशेचं व्यसन होतं त्यांना वेगळं काढलं. व्यसन नसलेल्या बायपोलर रुग्णांत धोका सामान्य माणसाहून जेमतेम वर उरला. म्हणजे भीती बाळगायचीच असेल तर ती आजाराच्या आणि बाटलीच्या युतीची बाळगावी. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून ती आली. कागदावरची बंदी आणि नाल्याकाठची हातभट्टी यांतलं अंतर जिल्ह्यातल्या बायांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून या पुस्तकातल्या तपासणीच्या यादीत थायरॉइडच्या आधी दारूचा प्रश्न आहे, ते मला रास्त वाटतं. शिवाय बहुसंख्य मनोरुग्ण कुणावर हात टाकत नाहीत, उलट मार खाणार्‍यांत त्यांची गणती जास्त होते, हे वाक्य वाचकानं कुठल्याच पानावर विसरू नये.

इथे ‘कधीपासून’ कामाला येतो. राग दोन जातींचा असतो : जुना आणि नवा. जुना राग माणसासोबत वाढलेला असतो. त्याला माणसं ओळखता येतात. तो सरपंचासमोर, सावकारासमोर, फौजदारासमोर खाली मान घालतो आणि घरी आल्यावर बायकोवर निघतो. संप्रेरकाला माणसं ओळखता येत नाहीत. ज्या रागाला समोर कोण आहे याचं इतकं पक्कं भान आहे, त्याचं उत्तर गळ्यातल्या ग्रंथीत शोधण्यात अर्थ नाही. नवा राग वेगळा. चाळिशीपर्यंत मुंगीला न दुखावणारा माणूस चार महिन्यांत भांडी फेकू लागतो, म्हातार्‍या आईवर, मास्तरांवर, गोठ्यातल्या बैलावर सारखाच धावतो, आणि त्याच चार महिन्यांत त्याची पँट कमरेला ढिली झालेली असते, रात्री तो अंगणात फेर्‍या मारत असतो. त्याला हात समोर धरायला सांगून बोटांवर कागदाचा एक ताव ठेवा. ताव थरथरला तर तुम्ही कुठल्याही यंत्राविना एक खूण टिपली. ही खूण आशाताईला टिपता येते. मांत्रिकाच्या लिंबाला ती टिपता येत नाही.

सगळेच राग असे दोन पेटार्‍यांत नीट बसत नाहीत, हे खरं. दारुड्यालाही थायरॉइड होतो, आणि उन्मादातला माणूसही कधी कधी माणूस ओळखून वागतो. पण तपास कुठून सुरू करायचा, हे या भेदातून कळतं.

पुस्तकातलं एक प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं, कारण ते विषयाची दिशाच फिरवतं. थायरॉइडचे आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ शहरी भागांत पाच हजारांवर प्रौढांची पाहणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मंदावलेला थायरॉइड पुरुषांत ५ टक्के आढळला, स्त्रियांत जवळपास १६ टक्के. आता हे आकडे घरात आणा. मंदावलेल्या थायरॉइडची बाई सकाळी उठत नाही. भाकरी करपते. निंदणाला गेली तर तिची ओळ मागे पडते. सासू तिला कामचोर म्हणते, नवरा म्हणतो हिला माज आला, आणि मार तिला बसतो. थायरॉइड आणि हिंसा यांचा संबंध शोधायला आपण मारणार्‍याचं रक्त काढतो, आणि आजार कित्येकदा मार खाणारीच्या रक्तात असतो.

बाळंतीण हे दुसरं उदाहरण. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण पाच जणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी संप्रेरक उसळतं, मग पडतं. आधीच्या महिन्यांत ती ओरडते, झोपत नाही, कुणाला बाळ घेऊ देत नाही. नंतरच्या महिन्यांत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. गावाच्या भाषेत हे बाहेरवाशाचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं बांधणं, मारणं, चटके देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही मनाई आहे. पण घरच्यांच्या मनातून भूत उतरवायला कायद्यापेक्षा दोन चमचे रक्ताची तपासणी पुष्कळदा जास्त उपयोगी पडते.

कायद्याचं निघालंच आहे, तर एक गैरसमज इथेच मोडलेला बरा. रिपोर्ट हा माफीनामा नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानाचं कलम ८४, वेडाचा बचाव मान्य करतं. पण त्यात विचारलेलं असतं की कृत्य करताना आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदेशीर आहे, हे त्या माणसाला मनाच्या विकारामुळे कळत नव्हतं का. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायानं पत्नीचा जीव घेतला होता. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली हा बचाव मान्य केला. पण तिथे स्किझोफ्रेनियाचा जुना, उपचारांच्या नोंदी असलेला इतिहास होता. टीएसएचच्या एका आकड्यानं असं होत नाही. चिडचिड वाढणं आणि भान हरपणं यांत फार अंतर आहे. आणि घरात मार खाणार्‍या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याचं संरक्षण हवं असेल तर नवर्‍याचा रिपोर्ट येईपर्यंत तिनं थांबायचं काही कारण नाही. उपचार आणि संरक्षण एकाच दिवशी सुरू होऊ शकतात.

रिपोर्टला माफीनामा करण्याचा मोह हा एक, तर परिस्थितीचा राग ग्रंथीच्या माथी मारण्याचा मोह दुसरा. शेतकरी आत्महत्यांमुळे आलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यात वर्धा होतं. कापसाचा भाव, सोयाबीनवरची कीड, बँकेची नोटीस यांनी पिचलेला शेतकरी चिडतो, खचतो. त्याच्या चिडीला ग्रंथीचं नाव देऊन मोकळं होणं हा अन्याय होईल. कर्जाचं उत्तर रक्तात सापडत नाही. पुस्तक हे दोन-तीन ठिकाणी बजावतं. मी असतो तर आणखी दोन ठिकाणी बजावलं असतं.

हे पुस्तक वर्ध्यातच का लिहावं, यालाही कारण आहे. १९३० साली मिठासाठी साबरमतीहून निघालेले गांधीजी पुन्हा त्या आश्रमात राहायला गेले नाहीत. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. ज्या मिठावर त्यांनी सत्याग्रह केला तेच मीठ पुढे थायरॉइडला लागणारं आयोडीन घराघरांत नेण्याचं साधन बनलं. देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. आयोडीनची उणीव जिथे भरून निघाली तिथे आता शरीरानंच आपल्या ग्रंथीवर उलटणं हे मंदावलेल्या थायरॉइडचं मुख्य कारण आहे. म्हणजे गळ्याला गाठ दिसत नाही म्हणून आजार नाही, असं आज म्हणता येत नाही. आणि १९६९ मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं ते खेड्यासाठी डॉक्टर घडवायला. त्याचे विद्यार्थी आजही गावात जाऊन राहतात आणि घरोघरी फिरतात. हा एका शब्दाचा प्रश्न ओसरीवर बसून विचारायला याहून चांगली माणसं कुठे मिळणार?

उपचारांबद्दल चारच गोष्टी सांगतो. थायरॉक्सिनची गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची, चहा आणि लोहाच्या गोळीपासून लांब ठेवून. ती आठवड्यात चमत्कार करत नाही. पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. मनोदशेचा आजार असेल तर मानसोपचार सोबत चालूच राहतात, कारण ग्रंथी सुधारली म्हणजे मन सुधारलंच असं नाही. आणि कुठलीही गोळी घरच्या मनानं बंद करायची नाही. अडलं, घाबरायला झालं, तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

वाचकाला मी एवढंच सुचवेन. पुस्तक वाचत असताना तुमच्या ओळखीतलं असं एक घर डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या म्हातारीजवळ बसा आणि का हे विचारू नका. तो प्रश्न तिला पुष्कळांनी विचारला आहे आणि तिनं दर वेळी स्वतःलाच दोष दिला आहे. कधीपासून, एवढंच विचारा. ती तारीख सांगणार नाही. थोडा वेळ थांबेल, मनातल्या मनात पेरणी, राखी, पोळा असे दिवस मोजेल आणि म्हणेल, “पोळ्यापर्यंत तर बरा होता जी.” ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती चिठ्ठी सोबत न्या.